आचार्यपरीक्षा : पीएच.डी.च्या मार्गदर्शकाला काय विचारावे?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरात काही वर्षे वैद्यकव्यवसाय केल्यानंतर पीएच.डी.चा विचार करणारे वैद्य आम्हांस वारंवार भेटतात. कोणाला अध्यापनक्षेत्रात पुढे जावयाचे असते, कोणाला आपल्या चिकित्सालयात वर्षानुवर्षे दिसलेला औषधाचा गुण शास्त्रीय निकषांवर पडताळून पाहावयाचा असतो, तर कोणा औषधनिर्मात्याला घराण्यात चालत आलेल्या योगास प्रमाणांचा आधार मिळवून द्यावयाचा असतो. हेतू निःसंशय स्तुत्य आहेत. मात्र प्रवेशाची तयारी करताना ही मंडळी एकाच चिंतेत असतात, ती म्हणजे ‘मुलाखतीत मला काय विचारतील?’ ‘मी काय विचारावे?’ हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्या मते पुढील तीन ते सहा वर्षांचे भवितव्य या दुसऱ्या प्रश्नावरच अधिक अवलंबून असते.

‘आधी जागा तर मिळू द्या, मग पाहू’ या वृत्तीचे परिणाम आपण सर्वांनी आसपास पाहिले आहेत. सिनॉप्सिस दोन-तीनदा परत येतो, रुग्णसंख्या भरत नाही, औषध एका खेपेस एका प्रतीचे तर दुसऱ्या खेपेस निराळ्याच प्रतीचे मिळते आणि मार्गदर्शक निवृत्तीच्या उंबरठ्यावर येतात. इकडे दवाखान्याची सायंकाळची वेळ मोडलेली असते, जुने रुग्ण अन्यत्र गेलेले असतात आणि हाती नोंदणीक्रमांकापलीकडे काही उरलेले नसते. यामागे दर वेळी कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नव्हे. बहुतेक वेळा दोघांनीही एकमेकांस जे विचारावयास हवे होते ते विचारलेलेच नसते.

परीक्षा ही दोन्ही बाजूंची

गुरूला प्रश्न विचारणे हे अविनयाचे आहे, असे पुष्कळांस वाटते. आपले शास्त्र मात्र असे सांगत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील रोगभिषग्जितीय हा आठवा अध्याय आपणां सर्वांच्या अभ्यासातून गेलेला आहे. वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी आणि त्यानंतर आचार्याची, असा क्रमच तेथे घालून दिला आहे. निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा अनुभव, उपकरणांची उपलब्धता, निगर्वीपणा, क्रोधरहित स्वभाव, शिष्याविषयी वात्सल्य आणि विषय समजावून देण्याचे सामर्थ्य हे गुण आचार्याच्या ठिकाणी आहेत की नाहीत, हे शिष्याने पाहावे, अशी तेथे अपेक्षा आहे. त्याच अध्यायात आचार्यानेही शिष्याची परीक्षा करावी असे सांगितले आहे. सुश्रुतसंहिता तर सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात याहून पुढे जाते. शिष्य योग्य रीतीने वागत असता आपण त्याच्याविषयी अन्यथा दृष्टी ठेवली तर पापाचे धनी आपण होऊ आणि आपली विद्या निष्फळ ठरेल, असे तेथे आचार्य स्वतःच म्हणतो. ज्या परंपरेत गुरूही बांधून घेतो, त्या परंपरेच्या अनुयायांनी मुलाखतीत मान खाली घालून बसण्याचे कारण नाही.

प्रथम शास्त्रपरीक्षा

चरकाने सांगितलेला क्रम महत्त्वाचा आहे. शास्त्र आधी, आचार्य नंतर. आजच्या भाषेत याचा अर्थ असा की विषय घेऊन मार्गदर्शकाकडे जावे, विषय मागावयास जाऊ नये. कल्याणकरांस याचे घरचे उदाहरण आहे. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयास प्रवेशासाठी पत्र लिहिले, तेव्हा आपली तयारी किती आहे आणि ती कोठे अपुरी पडते, हे त्यांनी लपविले नाही. १८८६ मध्ये एम.डी.साठी त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या परीक्षकांपुढे त्यांनी मांडलेला विषय आपल्या मातीतला होता. आज नाशिकच्या किंवा वरळीच्या मुलाखतीला जाणाऱ्या वैद्याने एवढे तरी अवश्य करावे.

‘आमवातामध्ये अमुक योगाचा अभ्यास’ हे शीर्षक झाले, प्रश्न नव्हे. कोणत्या अवस्थेतील रुग्ण, किती काळ, कशाशी तुलना आणि कोणत्या मापाने मोजणी, या चार गोष्टी एका वाक्यात आल्या म्हणजे प्रश्न तयार झाला. हे वाक्य ज्याच्याजवळ असते, त्यालाच मार्गदर्शकाचे उत्तर तोलता येते.

यासोबत नियमही स्वतः वाचावेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अधिसूचना आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएच.डी. विनियम ही दोन्ही कागदपत्रे मुलाखतीपूर्वी डोळ्यांखालून गेलीच पाहिजेत. आयोगाच्या विनियमांनुसार अभ्यासक्रमाचा काळ धरून किमान मुदत ३ वर्षे व कमाल ६ वर्षे असून महिलांना २ वर्षांची अधिक सवलत मिळू शकते. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ यांहून अधिक संशोधक असू नयेत. निवृत्तीस ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाने नवा संशोधक घेऊ नये. अर्धवेळ पीएच.डी.ची तरतूद आहे, परंतु नोकरीत असणाऱ्यास संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. जे नियमातच लिहिलेले आहे ते मुलाखतीत विचारून वेळ घालवू नये. त्या नियमाची अंमलबजावणी कशी होते, हे विचारावे.

आता आचार्यपरीक्षेचे प्रश्न पाहू.

१. ज्ञान आणि कर्म

‘आपल्या मार्गदर्शनाखाली आजवर किती जणांनी पदवी घेतली, प्रत्येकाला किती वर्षे लागली, आणि कोणी मध्येच सोडले असल्यास कोणत्या कारणाने?’ हा पहिला प्रश्न. यातील शेवटच्या भागाचे उत्तर सर्वांत बोलके असते. संख्या मोठी असणे हे एकमेव लक्षण नव्हे. नव्याने मान्यता मिळालेला, पण विषयात बुडालेला तरुण अध्यापक हा पुष्कळदा अधिक वेळ देतो. ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले असतात. मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तेथे वा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळाल्यास एक तरी संपूर्ण वाचावा आणि त्यातील एखाद्या पद्धतीविषयी मुलाखतीत विचारावे. मार्गदर्शकाने तो प्रबंध स्वतः वाचला होता की नाही, हे पाच मिनिटांत कळते.

२. उपकरणे

चरकाने आचार्याच्या गुणांत उपकरणांचा उल्लेख उगाच केलेला नाही. ‘या विषयाचे रुग्ण आपल्या बाह्यरुग्ण विभागात महिन्याला किती येतात?’ असे विचारावे आणि उत्तर अंदाजाने न घेता मागील वर्षाच्या नोंदवहीवरून घ्यावे. साठ रुग्णांचा आराखडा मांडला आणि महिन्यास दोनच रुग्ण येत असतील, तर गणित तेथेच कळते. ‘माझ्या डोंबिवलीतील दवाखान्यातील रुग्ण या अभ्यासात घेता येतील का?’ हा प्रश्न व्यवसाय करणाऱ्या वैद्याने आरंभीच विचारला पाहिजे, कारण त्याचे उत्तर संस्थेच्या नैतिकता समितीच्या मान्यतेवर अवलंबून असते. ती समिती किती दिवसांनी बसते, तेही विचारावे. मानवी चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच व्हावी, हा दंडक १ एप्रिल २०१८ पासून आहे. रुग्ण आधी आणि नोंदणी नंतर, असा सल्ला देणाऱ्या मार्गदर्शकापासून दूर राहावे. संख्याशास्त्रज्ञाचे साहाय्य आराखडा करतानाच मिळेल, की सर्व माहिती जमल्यावर तक्ते काढण्यापुरते मिळेल, हाही प्रश्न याच वर्गातला आहे.

३. द्रव्य

औषधनिर्मात्या वाचकांनी या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. ‘अभ्यासातील द्रव्य कोठून येणार, त्याची ओळख कोण पटविणार आणि सर्व रुग्णांना एकाच खेपेतील औषध मिळेल का?’ गुळवेलीचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या परंपरेतून गुळवेलीवर दीर्घकाळ काम झाले. अवरोधजन्य काविळीच्या ३० रुग्णांवरील त्यांच्या गटाचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याकडे आधुनिक शल्यचिकित्सकांचेही लक्ष गेले. पुढे २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या ६ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यावर आयुष मंत्रालयाचा मुख्य आक्षेप असा होता, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती याची खातरजमा झालेली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पासारखी दुसरी जातीही असू शकेल. आक्षेप रास्त होता. पण हाच आक्षेप आपल्या प्रबंधांना लावला तर त्यांतील किती टिकतील? प्रबंधात द्रव्याच्या नमुन्याची नोंद, वनस्पतिशास्त्रज्ञाचा दाखला आणि खेपेचा क्रमांक नसेल, तर गुण आला तरी तो कशाचा आला, हे सांगता येणार नाही आणि अपाय झाला तरी तो कशामुळे झाला, हेही सांगता येणार नाही.

ठाणे जिल्ह्याला या बाबतीत एक सोय आहे, ती अन्यत्र क्वचित मिळेल. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी वन धन केंद्राच्या माध्यमातून गुळवेल गोळा करून मोठ्या कंपन्यांना पुरविण्याचा व्यवसाय उभा केला. द्रव्य कोणत्या रानातून, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या झाडावरील वेलीपासून घेतले, हे सांगू शकणारी माणसे आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर आहेत. शहरात वनस्पतिशास्त्राचे विभाग असलेली विज्ञान महाविद्यालये आहेत. मार्गदर्शक या दोहोंचा उपयोग करून घेण्यास उत्सुक आहे, की ‘बाजारातून चूर्ण आणा’ म्हणून मोकळा होतो, यावरून पुष्कळ काही समजते.

४. काळ

‘या क्षणी आपल्याकडे किती संशोधक आहेत? महिन्यातून किती वेळा आणि कोणत्या वारी भेट मिळेल? लिहिलेले प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळते?’ या प्रश्नांना ‘केव्हाही या’ असे उत्तर मिळाले तर ते औदार्य समजू नये. केव्हाही म्हणजे पुष्कळदा कधीच नाही. ‘महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी दोन’ हे उत्तर कोरडे वाटले तरी त्यावर दवाखान्याचे वेळापत्रक बसविता येते. कल्याणहून नाशिक रोड लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटर आहे, आणि डोंबिवलीहून दादरमार्गे वरळी गाठून परतणे म्हणजे गर्दीच्या वेळी अर्धा दिवस जातो. हा प्रवास वर्षातून किती वेळा करावा लागेल, हे आधी ठाऊक असलेले बरे. मार्गदर्शकाची बदली किंवा निवृत्ती झाल्यास पुढील व्यवस्था काय, सहमार्गदर्शक कोण, हेही विचारावे. शासकीय महाविद्यालयातील अध्यापकांच्या बाबतीत बदलीचा विचार विशेष करावा. महिला वैद्यांनी प्रसूतिरजा आणि मुदतवाढ यांविषयी मोकळेपणाने विचारावे. नियमात असलेली सवलत मागताना ज्या मार्गदर्शकाच्या कपाळावर आठी पडते, त्याच्याकडे सहा वर्षे कशी जातील, याचा अंदाज तेवढ्याने येतो.

५. निष्कर्ष आणि हक्क

‘औषधाचा गुण आला नाही, असे आढळले तर तसे लिहिता येईल का?’ आमच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा प्रश्न आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भगंदरातील क्षारसूत्राविषयी केलेल्या बहुकेंद्रीय अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने व्रण भरण्यास सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. मात्र वर्षभरात व्याधी उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के तर शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. उणी बाजू झाकली नाही, म्हणूनच जमेची बाजू सर्वांनी मान्य केली. प्रत्येक प्रबंधात प्रत्येक योग ‘अत्यंत उपयुक्त’ ठरत असेल, तर असे प्रबंध आयुर्वेदाचा मान वाढवीत नाहीत.

निर्मात्याने औषध विनामूल्य पुरविले असेल तर त्याचा उल्लेख प्रबंधात व्हावा आणि निष्कर्षावर त्याचा अधिकार नसावा, हे तिघांनी, म्हणजे संशोधक, मार्गदर्शक आणि निर्माता यांनी, आरंभीच लेखी ठरवावे. घराण्यातील अनुभूत योग अभ्यासास देणाऱ्याने त्याचा पाठ प्रबंधात किती उघड होणार, हे आधी विचारावे. एकदा प्रसिद्ध झालेली गोष्ट नवीन म्हणून पेटंटसाठी मांडता येत नाही, आणि पेटंट कायद्याच्या कलम ३(पी) अन्वये पारंपरिक ज्ञानास मुळातच पेटंट मिळत नाही. शोधनिबंधावर नावे कोणत्या क्रमाने येतील, हा प्रश्न संकोचाचा वाटतो, पण तो पहिल्या महिन्यात विचारला तर पाच मिनिटांत सुटतो. चौथ्या वर्षी विचारला तर पुष्कळदा संबंधच तुटतात.

६. स्वभाव

हा भाग मार्गदर्शकाला विचारून कळत नाही. ‘आपल्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी मी बोलू शकतो का?’ एवढीच परवानगी मागावी आणि मग त्यांना स्वतंत्रपणे भेटावे. विद्यापीठाच्या शुल्काखेरीज अन्य खर्च करावा लागला का, प्रबंधाशी संबंध नसलेली कामे करावी लागली का, मतभेद झाला तेव्हा काय घडले, हे त्यांना विचारावे. उत्तर देण्यापूर्वी विद्यार्थी थांबला आणि शब्द जुळवू लागला, तर तेही उत्तरच आहे.

कसे विचारावे

हे सर्व प्रश्न विद्यापीठाच्या औपचारिक मुलाखतीत विचारण्याचे नव्हेत. तेथे वेळ थोडा असतो आणि समितीपुढे मार्गदर्शकाची उलटतपासणी करणे शोभणारे नाही. त्यापूर्वी वेळ मागून एकदा तरी प्रत्यक्ष भेटावे, एका पानावर आपला विषय लिहून न्यावा आणि पाच-सहा प्रश्न निवडून विनयाने विचारावेत. चरकाने संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी येथे संधाय संभाषाच हवी, विगृह्य नव्हे. उत्तरे घरी येऊन लिहून ठेवावीत आणि शक्य तर दुसऱ्या एका मार्गदर्शकाला तेच प्रश्न विचारावेत. ‘मला हे ठाऊक नाही, चौकशी करून सांगतो’ असे जो म्हणतो, त्याला आम्ही अधिक गुण देऊ.

काही आक्षेप

जागा मोजक्या, इच्छुक अनेक. अशा स्थितीत निवड करणार कोण, असे विचारले जाईल. आक्षेपात तथ्य आहे. विद्यापीठाच्या प्रक्रियेत मार्गदर्शक ठरविण्याचे स्वातंत्र्य नेहमीच पूर्ण नसते. परंतु प्रश्न विचारण्याचा उपयोग नकार देण्यापुरताच नसतो. मार्गदर्शक तोच राहिला, तरी कोठे उणीव आहे हे आधी समजले म्हणजे सहमार्गदर्शक, अन्य प्रयोगशाळा किंवा लहान विषय अशी तजवीज करता येते. आणि उत्तरे अगदीच निराशाजनक असतील, तर एक वर्ष थांबणे हे सहा वर्षे गमावण्याहून स्वस्त आहे.

दुसरा आक्षेप असा की, एवढे प्रश्न विचारणारा विद्यार्थी कोणाला नको असतो. आम्हांस तसे वाटत नाही. चांगल्या मार्गदर्शकांनाही अर्धवट तयारीने आलेल्या, दोन वर्षांनी दिसेनाशा होणाऱ्या विद्यार्थ्यांचा तितकाच वीट आलेला असतो. त्यांनीही उलट विचारावे: आठवड्यातून किती तास देणार, दवाखाना कोण पाहणार, घरच्यांची संमती आहे का, संस्कृत मूळ ग्रंथ वाचता येतात का? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे ज्याच्याजवळ नाहीत, त्याने आचार्यपरीक्षेस निघू नये.

आपल्या संघटनेस एक सूचना करून थांबतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली शाखांत पीएच.डी. पूर्ण केलेले आणि सध्या ती करीत असलेले जे सदस्य आहेत, त्यांची यादी शाखा-कार्यवाहांकडे असावी. प्रवेशसूचना निघाल्यावर एका रविवारी त्यांनी इच्छुकांसोबत दोन तास बसावे आणि प्रत्येकाचे एका वाक्यातील विषय तपासून द्यावेत. औषधनिर्मात्या सदस्यांनी आपण कोणत्या द्रव्याचे ओळखपत्र आणि खेपेच्या नोंदीसह नमुने देऊ शकतो, ते त्याच वेळी सांगावे. यास निधी लागत नाही, ठराव लागत नाही. पुढील प्रवेशसूचनेपूर्वी एखाद्या शाखेने आरंभ केला, तरी पुरेसे आहे.